एका लॅपटॉपमधली दोन बिऱ्हाडं

आमच्या घरात लॅपटॉप एकच, पण त्यात बिऱ्हाडं दोन. एका बाजूला माझं विंडोज, दुसऱ्या बाजूला माझ्या नवऱ्याचं, आर्वोचं लिनक्स. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, पहिली त्याची आणि दुसरी माझी. दहा सेकंदांत बाण खाली नेऊन माझी ओळ निवडली नाही, तर मशीन आपलं आपण त्याच्या घरात शिरतं. कॉफी ओतता ओतता माझे ते दहा सेकंद कितीदा तरी निघून गेलेत. पण सहा वर्षांत मी त्याच्या बाजूचं काही उघडून पाहिलं नाही आणि त्याने माझ्या बाजूचं. या मशीनवरून आमचं भांडण असं कधी झालं नव्हतं.

ही सोय करून दिली होती ओरेस्ट देमचुकने. ओरेस्ट आणि आर्वो इथल्या, थंडर बेच्या कागद गिरणीत एकतीस वर्षं बरोबर होते. आर्वो इलेक्ट्रिशियन, ओरेस्ट मोजमापाची यंत्रं सांभाळायचा. गिरणी बंद पडली, दोघे घरी बसले, तेव्हा ओरेस्टला लिनक्सचं वेड लागलं आणि त्याने ते आर्वोलाही लावलं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी लायब्ररीत त्यांच्या गटाची बैठक असायची. आर्वो त्या दिवशी दाढी करून जायचा, म्हणजे बघा.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत एका नवख्या बाईने विचारलं, की काम चालू असताना मशीन मध्येच काहीतरी प्रश्न विचारतं, तेव्हा काय करायचं. आर्वो म्हणाला, "काही नाही, हो म्हणायचं आणि पुढे जायचं." त्यावर ओरेस्ट सगळ्यांसमोर म्हणाला, "याचं ऐकू नका. हा काही वाचत नाही, नुसता हो म्हणत सुटतो. लग्नातसुद्धा पाद्री काय विचारतोय ते न ऐकताच हो म्हणाला असणार."

लोक हसले. आर्वोने टोपी उचलली आणि तडक घरी आला. मला हे सांगताना त्याने ते शेवटचं वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. मला हसू आलं. मी ते दाबलं, पण त्याला दिसलंच.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आर्वो बैठकीला जाईना, ओरेस्ट आमच्या सॉनात वाफ घ्यायला येईना. ओरेस्टची बायको डारिया आणि मी मात्र कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, क्लबात दर आठवड्याला भेटत होतो. बर्फ पुसून घेताना ती विचारायची, "तुझा काय म्हणतोय?" मी म्हणायचे, "काही म्हणत नाही. तुझा?" "माझाही नाही." दोन वर्षं आमचं हे एवढंच चाललं होतं.

आता माझ्या तक्त्याचं सांगते. क्लबाची हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी सुरू होते. अठ्ठावीस संघ, बर्फाच्या चार पट्ट्या, तीन दिवस. कोण कोणाशी, कधी आणि कुठल्या पट्टीवर खेळणार, याचा तक्ता अकरा वर्षं मी करते. तीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांच्या वेळा लावण्यात गेली, त्यामुळे हे काम मला आपोआप चिकटलं. ऐकायला सोपं वाटतं. पण इस्पितळातल्या नर्सांच्या संघाला त्यांच्या पाळ्या सांभाळून वेळ द्यावी लागते, एक कुटुंब शनिवारी खेळत नाही, आणि लिंडग्रेन बहिणींचे दोन संघ पहिल्या दिवशी समोरासमोर आले तर दोन्ही संघ घरी जातात. तीन आठवडे बसून मी यंदाचा तक्ता केला होता. पेन्सिलीने केलेली आकडेमोड मागच्या रविवारी सॉनाच्या चुलीत गेली. तक्ता आता फक्त लॅपटॉपमध्ये, माझ्या बाजूला. गुरुवारी संध्याकाळी तो क्लबाच्या भिंतीवर लावायचा होता.

मंगळवारी दुपारी मी पुल्लाचं, आमच्या वेलचीच्या गोड पावाचं, पीठ मळत होते. आर्वो स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला.

"नवी आवृत्ती आलीय," तो म्हणाला. "अपग्रेड करून टाकतो."

"आजच कशाला? माझा तक्ता आहे त्यात. परवा लावायचाय."

"तुझ्या बाजूला हातसुद्धा लावत नाहीये मी."

त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरंच होतं. मी पीठ झाकून ठेवलं आणि जरा पडले. तासाभराने उठून आले, तर आर्वो त्याच खुर्चीत, पण पाठ ताठ.

"सिल्वी," तो म्हणाला, "तुझा तो तक्ता कुठे कागदावर आहे का?"

"का रे?"

"असंच."

एक्केचाळीस वर्षं या माणसाबरोबर काढली आहेत. त्याचं 'असंच' मला कळतं. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळीच ओळी होत्या आणि शेवटची ओळ मधेच तुटल्यासारखी थांबली होती.

"अपग्रेड अर्ध्यात अडकलं," तो म्हणाला. "परत सुरू केलं तर हे असं. म्हणतंय, मला माझ्या फायली कुठे आहेत तेच सापडत नाही."

"आणि माझ्या?"

त्याने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. काळा पडदा आला. त्यावर त्याची एकच ओळ होती. माझी नव्हतीच.

मग त्याने मला जे सांगितलं ते तुकड्यातुकड्याने सांगितलं. नवी आवृत्ती चालेना, तेव्हा तो जुन्या आवृत्तीवरून कसाबसा आत शिरला होता. फोनवर कोणाचा तरी उपाय वाचून त्याने काही फायली पुसल्या होत्या. त्यानंतर जुन्या आवृत्तीवरूनही आत जाता येईना.

मी रागावले नाही असं म्हणणार नाही. पुल्लाच्या पिठाला मी हवे त्याहून जास्त धपाटे घातले. आर्वोने दुकानात फोन केला. दुकानातला मुलगा म्हणाला, आणून ठेवा, चार दिवस लागतील, सगळं पुसून नव्याने घालावं लागलं तर आतलं राहीलच असं नाही. आर्वोने फोन ठेवला आणि लाकडं फोडायला बाहेर गेला. लाकडं भरपूर फोडून ठेवलेली होती.

बुधवारी सकाळी मी डारियाला फोन लावला. आर्वो समोरच बसून ओट्सची पेज खात होता.

"ओरेस्ट घरी आहे का गं? आमचा लॅपटॉप बसलाय. माझा तक्ता अडकलाय त्यात."

पलीकडे डारियाने फोनवर हात ठेवून काहीतरी विचारलं. मग ती म्हणाली, "ये म्हणतोय. आत्ता ये."

आर्वोने चमचा खाली ठेवला. "मी आत येणार नाही."

"तुला कोणी बोलावलंय? मला नेऊन सोड." मागच्या आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी अजून गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. ते नसतं तर मी एकटीच गेले असते आणि मग ही गोष्ट पाच मिनिटांत संपली असती.

"मी गाडीत बसेन," तो म्हणाला.

"बस."

बाहेर उणे चोवीस होतं. ओरेस्टच्या घरासमोर त्याने ट्रक उभा केला, इंजिन चालूच ठेवलं आणि नजर समोरच्या बर्फाच्या ढिगावर लावली. मी लॅपटॉप कोटाखाली धरून आत गेले. डारियाने दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून बाहेर पाहिलं.

"हा तिथेच बसणार?"

"म्हणतो तरी असंच."

ओरेस्ट स्वयंपाकघरात होता. पूर्वीपेक्षा थोडा वाकला होता, पण चष्मा तोच, एका बाजूने तारेने बांधलेला. त्याने आर्वोबद्दल काही विचारलं नाही. लॅपटॉप उलटा करून बघितला आणि म्हणाला, "सहा वर्षं झाली. पंख्यातली धूळ कधी काढलीत?"

"धूळ काढायची असते?"

"जाऊ दे."

त्याने मशीन सुरू केलं आणि वरच्या रांगेतली एक कळ टकटक दाबत राहिला. नेहमीचा काळा पडदा आलाच नाही. त्याऐवजी निळ्या रंगाची एक छोटी यादी आली, मी ती कधी पाहिली नव्हती. तिच्यात माझं विंडोज होतं. ओरेस्टने ते निवडलं, आणि मिनिटभरात माझ्या नातवंडांचा तळ्याकाठचा फोटो पडद्यावर आला. मी खुर्ची ओढून बसले.

"तुझ्या घराला काहीसुद्धा झालेलं नाही," तो म्हणाला. "फाटकावरच्या पाटीवरून तुझं नाव तेवढं गेलंय. नव्या आवृत्तीत ती पाटी आजूबाजूला कोण राहतं हे आपणहून शोधत नाही, तिला सांगावं लागतं. यादी नव्याने लिहिली गेली, त्यात तू राहिलीस."

मी तक्ता उघडला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस संघ जागच्या जागी होते. ओरेस्टने तो पेन ड्राइव्हवर घेतला आणि डारियाने लगेच दोन प्रती छापून काढल्या. कागद हातात येताच ती म्हणाली, "मला शुक्रवारी सकाळी आठला टाकलंयस?"

"तुला जाग येतेच की."

"जाग येते गं. गुडघे उठत नाहीत."

माझं काम झालं होतं. मी कोट चढवून सांगायला बाहेर गेले. आर्वोने काच चार बोटं खाली केली.

"तक्ता मिळाला," मी म्हणाले.

त्याने डोळे मिटून घेतले आणि एक लांब श्वास सोडला. तेव्हा मला कळलं, की हा माणूस रात्रभर झोपलेला नव्हता. माझा उरलासुरला राग तिथेच गेला.

"मग चल घरी," तो म्हणाला.

"आणि तुझी बाजू?"

"राहू दे. बघेन मी."

त्याच्या बाजूला स्की क्लबाच्या सगळ्या वाटांचे नकाशे होते. चार हिवाळे तो जीपीएस यंत्र घेऊन जंगलात त्या वाटा चालला होता. ते 'राहू दे' म्हणण्यासारखं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. मी लॅपटॉप आणायला म्हणून परत आत गेले, तर ओरेस्टने दुसराच एक पेन ड्राइव्ह लावून मशीन तिसऱ्याच तऱ्हेने सुरू केलं होतं आणि तो नाक पडद्याला लावून बसला होता.

"हे बाहेरून चालवलेलं लिनक्स आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "यातून त्याच्या घरात डोकावता येतं. नकाशे वगैरे सगळं आहे. फक्त सुरुवातीच्या भागातलं काहीतरी गायब आहे. त्याला विचार, नेमकं काय पुसलं?"

मी बाहेर गेले. "तो विचारतोय, काय पुसलंस?"

"जुन्या आवृत्त्या," आर्वो म्हणाला. "जागा करायला."

मी आत आले. "जुन्या आवृत्त्या म्हणे. जागा करायला."

"कुठल्या? सगळ्या? आणि जागा कमी आहे हे त्याला कोणी सांगितलं?"

मी बाहेर. "कुठल्या, आणि जागेचं कोणी सांगितलं?"

आर्वोने हातमोजा काढून परत घातला. मग म्हणाला, "आधी एक सूचना आली होती. जागा कमी आहे, पुढे जायचं का, म्हणून."

"मग तू काय म्हणालास?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे विचारलं नाही. पण हे आत जाऊन कसं सांगायचं? मी पायऱ्यांवर जरा रेंगाळले. नाकातला श्वास गोठत होता. आत गेले आणि म्हणाले, "एक सूचना आली होती म्हणतोय."

"आणि त्याने काय उत्तर दिलं?"

"ओरेस्ट, मी या डोळ्याने बर्फात किती खेपा घालू? पाय घसरला तर डॉक्टर तुला विचारतील."

डारिया ओट्याशी उभी राहून बोर्शच्या सूपसाठी बीट चिरत होती. तिने सुरी थांबवली. नुसती नवऱ्याकडे बघत राहिली. ओरेस्टने खिडकीतून ट्रककडे पाहिलं. मग उठला, कोट घातला, बूट घातले आणि नाडी न बांधताच बाहेर गेला.

आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहिलो. ओरेस्ट ट्रकला वळसा घालून माझ्या बाजूचं दार उघडून आत बसला. दार लागलं. दोघेही समोर, त्या बर्फाच्या ढिगाकडेच बघत होते. काच धुरकटली आणि आम्हाला दिसेनासं झालं.

"मारामारी तर नाही करायचे?" डारिया म्हणाली.

"आर्वोचा खांदा दुखतोय."

"याची कंबर."

दहा-बारा मिनिटं गेली. मग इंजिन बंद झालं आणि दोन्ही दारं उघडली. आर्वो पायपुसण्यावर बराच वेळ बूट झटकत राहिला.

"ये आर्वो," डारिया म्हणाली, जसं काही तो परवाच येऊन गेला होता. "बोर्शला अजून वेळ आहे. कॉफी घे."

ट्रकमध्ये काय बोलणं झालं, ते मी घरी आल्यावर विचारलं. आर्वो म्हणाला, "काही नाही. त्याने विचारलं, ट्रकचा हीटर अजून तसाच वाजतो का. मी म्हटलं, हो. मग त्याने तो थोडा वेळ ऐकला."

"आणि?"

"आणि मग मी सांगितलं, मी न वाचता हो म्हणालो."

टेबलावर दोघे शेजारी शेजारी बसले. ओरेस्टने पडद्यावर एक आडवी पट्टी आणली, लॅपटॉपमधली सगळी जागा वेगवेगळ्या रंगांत वाटून दाखवणारी. माझा भाग मोठा, आर्वोचाही मोठा, आणि दोघांच्या मध्ये एक बारीकशी रेघ.

"ही रेघ म्हणजे सुरुवातीचा भाग," ओरेस्ट मला म्हणाला. "मशीनला उठून उभं राहायला जे लागतं ते इथे असतं. दर वेळी नवी आवृत्ती आली की तिचं सामान इथे येऊन पडतं आणि जुनं तसंच राहतं. ही भरली होती काठोकाठ. नवं सामान अर्धंच मावलं. मग या साहेबांनी जागा करायला जुनं पुसलं, त्यात जे चालत होतं तेही गेलं."

"तेच ना," आर्वो हळूच म्हणाला.

ओरेस्टने त्या रेघेवर बाण नेला. तिचा आकार आकड्यांत आला. त्याने आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचला.

"हिची जागा एवढीच कोणी ठेवली?" तो म्हणाला.

"तूच," आर्वो म्हणाला.

"मीच ते मला माहीत आहे. मी स्वतःला विचारतोय." त्याने खुर्ची मागे सरकवली. "याच्या पाचपट हवी होती. तेव्हा मी कुठल्या तरी जुन्या पुस्तकातला आकडा बघितला असणार, आणि आपण शहाणे म्हणून पुढे गेलो असणार. डारिया, ऐकलंस का? चूक माझी आहे. सहा वर्षांपूर्वीची."

"ऐकलं," डारिया म्हणाली. "तारीख लिहून ठेवू का?"

आर्वोला आता तोंड वाजवायची संधी होती. दोन वर्षं तो तिची वाट बघत होता, हे मी शपथेवर सांगेन. पण तो म्हणाला, "सूचना तर आली होती ना. वाचली असती तर थांबलो असतो."

"भाग मोठा असता तर सूचनाच आली नसती."

"आली, ती मी वाचली नाही."

"अरे बाबा, दोघांचीही चूक आहे, आता पुढचं बघा," मी म्हणाले. नाहीतर हे दोघे आता आपापली चूक मोठी ठरवण्यावरून नव्याने भांडले असते.

ओरेस्ट कॉफीच्या कपाकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी लायब्ररीत मी तसं बोलायला नको होतं. चौदा जणांसमोर तर नकोच."

"सोळा होते," आर्वो म्हणाला.

"मोजलेस?"

"बाहेर पडताना."

डारियाचे खांदे हलायला लागले. ती पातेल्याकडे तोंड करून उभी होती, पण हसतेय हे कळत होतं. मग मीही हसले. या वेळी आर्वोला ते दिसलं तरी त्याने काही मनाला लावून घेतलं नाही. तोही मिशीत हसत होता.

मग खरं काम सुरू झालं. ओरेस्टने एक बाहेरची डिस्क आणली आणि म्हणाला, आधी दोन्ही बाजूंची नक्कल काढून ठेवायची, त्याआधी मी एका कळीला हात लावणार नाही. त्यात सव्वा तास गेला. तेवढ्यात आम्ही बोर्श आणि काळा पाव खाल्ला. ओरेस्टने गिरणीतल्या एका फोरमनची गोष्ट काढली, आर्वोने ती मध्येच दुरुस्त केली, ओरेस्टने दुरुस्तीची दुरुस्ती केली. ती गोष्ट मी आणि डारियाने किमान तीस वेळा ऐकली असेल. दोन वर्षं ऐकली नव्हती, म्हणून मी मन लावून ऐकली.

नक्कल झाल्यावर ओरेस्ट माझ्याकडे वळला. "सिल्वी, तुझी परवानगी हवी. मधला भाग मोठा करायचा तर शेजाऱ्याकडून जागा घ्यावी लागेल. शेजारी तू आहेस. तुझ्याकडे भरपूर रिकामी पडलीय."

"किती?"

"एक जीबी. तुला कळणारसुद्धा नाही."

"घे. पण माझे फोटो हलवायचे नाहीत."

"फोटो जागचे हलणार नाहीत."

माझ्या बाजूची भिंत मागे सरकायला अर्धा तास लागला. त्यानंतर ओरेस्टने लॅपटॉप आर्वोकडे सरकवला. "आता तू कर. मी नुसता बसतो."

"मी?"

"घर तुझं आहे."

मग आर्वोने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ तो मोठ्याने वाचायला लागला. अडकलेलं अपग्रेड पुढे चालू करू का, इथपासून अमुक फाइल बदलू का, तमुक ठेवू का, सगळं. वाचून झालं की बोट वर धरून थांबायचा, विचार करायचा आणि मग कळ दाबायचा. तेरा प्रश्न आले. आठव्याला त्याने नाही म्हटलं.

"नाही का म्हणालास?" ओरेस्टने विचारलं.

"ही नकाशांच्या प्रोग्रॅमची माझी मांडणी आहे. ती नव्याने लिहिली तर चार वर्षांच्या खुणा जातात."

ओरेस्टने पुढे वाकून ती ओळ वाचली. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मी हो म्हणालो असतो."

आर्वो पुढची ओळ वाचायला लागला. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि ते थंडीने नव्हते.

नवव्या प्रश्नापर्यंत डारिया खुर्चीतच पेंगायला लागली. शेवटी फाटकावरच्या पाटीचं काम राहिलं. ओरेस्टने एकच ओळ सांगितली, ज्याने पाटीला शेजारी शोधायची परवानगी मिळते. आर्वोने ती टाइप केली, वाचली, पुन्हा वाचली. मशीन बंद केलं, पेन ड्राइव्ह काढला, सुरू केलं. आम्ही चौघे वाकून बघत होतो. काळा पडदा आला आणि त्यावर दोन ओळी आल्या. त्याने आधी माझी उघडून दाखवली. फोटो जागच्या जागी होते. मग स्वतःची उघडली. नवीच पार्श्वभूमी आली, कुठला तरी जांभळा प्राणी, पण खाली त्याचे नकाशे होते. त्याने कामिनिस्तिक्विया नदीकडची वाट उघडून बोटाने शेवटपर्यंत नेली आणि मान हलवली.

"लायब्ररीतल्या बैठका चालूच आहेत," ओरेस्ट उठता उठता म्हणाला. "पुढच्या महिन्यात अपग्रेडवर कोणीतरी बोलायला हवंय. माझा घसा हल्ली चालत नाही."

"बघतो," आर्वो म्हणाला.

शनिवारी सकाळी सातला फोन वाजला. मी अजून गाऊनमध्येच होते आणि क्लबात जायची घाई होती. ओरेस्ट होता. त्याला आर्वो हवा होता. पंख्यातली धूळ काढायला कुठला ब्रश चालेल, असा काहीतरी प्रश्न होता. आर्वोने खुर्ची ओढली, खिडकीशी बसला आणि पाय पुढच्या स्टुलावर टाकले. मी कपडे केले, पाव भाजला, दोघांची कॉफी केली, तरी ब्रशचं काही ठरलेलं नव्हतं. मी त्याचा कप त्याच्या हाताशी ठेवला. त्याने फोन कानापासून न हलवता माझं मनगट धरून थोडं दाबलं आणि तिकडे सांगत राहिला, "नाही रे, ऐक, तू ऐकतच नाहीस."

मी शेजारच्यांच्या गाडीतून क्लबात गेले. त्याला फोनवरून उठवायला माझ्या जिवावर आलं.